रनर क्रीजमध्ये पोचला होता, तरी आमचा बॅट्समन रनआऊट कसा काय?

बार्देशकर:
नमस्कार मंडळी. इथे अंपायरिंग केलेले, नियम नीट वाचलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आमच्या टीममध्ये रविवारपासून यावरून वाद पेटलाय, ग्रुपवर दोघं जण एकमेकांशी बोलायचे बंद झालेत, तेव्हा एकदा खरं काय ते कळू दे.

आमचं पन्नाशीच्या पुढच्यांचं क्रिकेट, लेदर बॉल, २० ओव्हर, मॅटवर. पाऊस गेला की ग्राउंडवरचा फुटबॉल आवरतो आणि मग मे पर्यंत रविवार सकाळ आमची. टीममध्ये बँकवाले, वीज खात्यातून रिटायर झालेले, दोन मास्तर, एक टॅक्सीवाला, सगळे पूर्वी क्लबला बऱ्यापैकी खेळलेले. अंपायर दोन्ही बाहेरून बोलावलेले होते, मानधन देऊन, म्हणजे आपलाच कोणीतरी कोट घालून उभा राहिला असा प्रकार नव्हता.

तर आम्ही चेस करत होतो. आमचा चार नंबर, वय ५७, छान सेट झालेला, चोरटी धाव घेताना त्याच्या पिंडरीत कळ आली आणि तो खालीच बसला. अंपायरनी येऊन बघितलं, दोघांनी आपसात बोलून रनर दिला, म्हणजे बॅटिंग तोच करणार पण त्याच्याऐवजी पळायला दुसरा माणूस. समोरचा कॅप्टन म्हणाला मला विचारल्याशिवाय कसा दिला, अंपायर म्हणाले तुम्हाला विचारायचा प्रश्नच नाही. आम्ही आमच्यातला सगळ्यात चपळ गडी पाठवला, जो अजून बॅटिंगला यायचा होता, तर अंपायरनी त्याला परत पाठवलं आणि जो आधी आऊट होऊन बसलाय त्याला पाठवा म्हणाले, तो बिचारा पॅड काढून चप्पल घालून चहा पीत होता, त्याला परत पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट सगळं चढवायला लावलं. इथपर्यंत ठीक.

अठराव्या ओव्हरला आमच्या चार नंबरने मिडविकेटला छान पुल मारला, दोन रन आरामात होत्या, रनर आणि नॉन-स्ट्रायकर दोघांनी पळून काढल्या, वाद नाही. पण बॅट्समन स्वतः सवयीने शॉट मारल्यावर दोन-चार पावलं पुढे गेला, मग पाय दुखला म्हणून तिथेच वाकून उभा राहिला. थ्रो किपरकडे आला, रनर केव्हाच आत होता, किपरने बेल्स उडवल्या आणि अपील केलं. अंपायरनी बोट वर! आणि वर त्या दोन रनही कापल्या. आम्ही पाच रननी हरलो.

आता माझे प्रश्न असे की पळणारा जर रनर आहे तर बॅट्समन कुठे उभाय याच्याशी काय संबंध, आणि पूर्ण झालेल्या रन कापता येतात का. शिवाय पहिल्या इनिंगला त्यांचा ओपनर, ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलंय हे सगळ्या तालुक्याला माहीत, त्याने सुरुवातीपासून रनर मागितला होता तर त्याला दिला नाही आणि आमच्याला दिला, म्हणून तेही आमच्यावर भडकलेत. हे सगळं नियमाला धरून झालं की कसं?

स्क्वेअरलेग_फोंडा:
बार्देशकर बाब, तुम्ही सगळं व्यवस्थित लिहिलंय त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. तुमच्या अंपायरनी केलेली एकही गोष्ट मला चुकीची दिसत नाही, आणि रनरचे प्रसंग वर्षातून एखादाच येतात त्यामुळे हे सगळं एका मॅचमध्ये बरोबर करणारे अंपायर मिळाले तर त्यांना पुढच्या वेळेलाही बोलवा असंच मी सांगेन.

एमसीसीचा (क्रिकेटचे कायदे लिहिणारा लंडनचा क्लब) कायदा क्रमांक २५ वाचा. रनर कधी द्यायचा, तर बॅट्समनला पळायला त्रास होईल अशी दुखापत झालीय आणि ती मॅच चालू असताना झालीय, या दोन्ही गोष्टींबद्दल अंपायरची खात्री पटली तर. बाकी कुठल्याही कारणाला रनर नाही. त्यामुळे त्यांच्या ओपनरचा गुडघा कितीही खरा असला, मला स्वतःला त्याच्याबद्दल वाईट वाटतंय, तरी तो गुडघा तो घरूनच घेऊन आलाय, आणि तुमच्या माणसाची पिंडरी अंपायरच्या डोळ्यासमोर गेली. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंपायरला दया दाखवायची मुभा कायद्याने दिलेली नाही आणि ती त्याने घेऊ पण नये, कारण एका टीमला दाखवलेली दया दुसऱ्या टीमच्या रनांतून जाते.

समोरच्या कॅप्टनची परवानगी लागत नाही. हा समज लोकांच्या डोक्यात घट्ट बसलाय त्याला २००९ ची चॅम्पियन्स ट्रॉफी कारणीभूत असावी. सेंच्युरियनला इंग्लंडविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅमी स्मिथ १४१ पर्यंत गेला, पायात क्रॅम्प आले, रनर मागितला, इंग्लंडचा कॅप्टन अँड्र्यू स्ट्रॉस याने नको म्हटलं आणि रनर मिळाला नाही, तेव्हापासून सगळे धरून चालतात की कॅप्टनच ठरवतो. आजच्या कायद्यात तरी निर्णय अंपायरचा आहे, कॅप्टनचं मत विचारलंच तर ते मतच.

कोण पळणार तर बॅटिंग करणाऱ्या टीममधलाच माणूस, आणि शक्य असेल तर त्या इनिंगमध्ये आधी बॅटिंग करून झालेला. तुमच्या विकेट पडलेल्या होत्या म्हणजे शक्य होतं, मग ताजातवाना गडी पाठवता येत नाही. ओपनरलाच लागलं आणि अजून कोणी आऊटच नसेल तर गोष्ट वेगळी. पॅड-ग्लोव्हज-हेल्मेट जे बॅट्समनने घातलंय त्याच्या तोडीचं रनरने घालायचं आणि हातात बॅट घ्यायची, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. दुखापत झालेला माणूस पॅड बांधून पळाला असता तर रनरनेही तसंच पळायचं, नाहीतर दुखापत झाल्याचा टीमला फायदाच होईल. आपल्याकडे मात्र शॉर्ट्स आणि स्पोर्ट्स शूज घालून माणूस पाठवतात आणि अंपायर बघतच नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. रनर असलेला बॅट्समन स्ट्राइकवर असतो तेव्हा त्याच्यावर सगळे कायदे जसेच्या तसे लागू असतात. वरून त्याचा रनर जे करेल त्याचीही शिक्षा त्यालाच. रनर रनआऊट झाला तर बॅट्समन आऊट, रनरने फिल्डरच्या आड येऊन अडथळा केला तरी बॅट्समन आऊट. आणि तिसरी गोष्ट जी तुमच्याकडे घडली, बॅट्समन स्वतः क्रीजबाहेर असताना किपरच्या टोकाची विकेट पडली तर रनर आणि नॉन-स्ट्रायकर कुठेही असोत, बॅट्समन आऊट. त्या वेळी पूर्ण झालेल्या रनही मोजत नाहीत आणि नॉन-स्ट्रायकरला मूळ टोकाला परत पाठवतात, फक्त पेनल्टीच्या रन असतील तर त्या राहतात. म्हणजे रन कापल्या ते पण बरोबरच. बोलरच्या टोकाची विकेट पाडली असती तर तुमचा बॅट्समन कुठे उभाय याला काही किंमत नव्हती, तिथे फक्त पळणाऱ्या दोघांचं बघायचं.

असा कायदा का, हे एकदा डोक्यात बसलं की अन्याय वाटत नाही. रनर मिळाला की बॅट्समनला परतायची घाई नाही, मग तो स्पिनरला दोन पावलं पुढे येऊन खेळेल, बॉल चुकला तरी म्हणेल माझा रनर आत आहे, स्टंपिंग कसं करता. तो रस्ता बंद करायला हा नियम आहे. म्हणून रनर देताना मी बॅट्समनजवळ जाऊन एकच वाक्य बोलतो, काका, शॉट मारला की बॅट क्रीजच्या आत टेकवून ठेवा आणि बॉल डेड होईपर्यंत, म्हणजे त्या बॉलचा खेळ संपेपर्यंत, हलू नका. तुमच्या अंपायरनी सांगितलं होतं का माहीत नाही, सांगणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, पण पन्नाशीच्या मॅचमध्ये सांगावं असं मला मनापासून वाटतं.

एकच शंका विचारतो. किपरने बॉल पकडल्या पकडल्या बेल्स उडवल्या की बॉल हातात घेऊन चालत येऊन, सगळे थांबल्यावर? कारण किपरच्या हातात बॉल पूर्ण विसावला आणि दोन्ही बाजूंनी खेळ थांबला असं अंपायरला वाटलं तर बॉल डेड, मग बेल्स पाडून उपयोग नाही. हे ठरवणं मात्र मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचंच काम, इथून मी सांगू शकत नाही.

बार्देशकर:
खूप धन्यवाद सर. किपरने लगेचच उडवल्या, चेंडू आला आणि एका झटक्यात. म्हणजे डेड बॉलचा मुद्दा नाही. अंपायर त्या वेळी ऑफ साइडला उभे होते आणि आमच्यातले काही ओरडत होते की हा उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलाय याला काय दिसणार, त्याचं पण सांगा ना.

स्क्वेअरलेग_फोंडा:
उलटी नाही, तीच योग्य जागा. रनर असलेला बॅट्समन स्ट्राइकवर असला की रनरला पिचपासून दूर स्क्वेअर लेगच्या बाजूला उभा करतात आणि अंपायर पॉइंटच्या बाजूला जातो, म्हणजे बॅट्समन, स्टंप आणि पलीकडचा रनर एकाच नजरेत येतात. स्क्वेअर लेगलाच राहिला तर रनर त्याच्या पुढ्यातच, एकाकडे बघायला गेलं की दुसरा निसटतो. दुखापतवाला नॉन-स्ट्रायकर झाला की त्याने स्ट्रायकरच्या टोकाचा अंपायर सांगेल तिथे गुपचूप बाजूला उभं राहायचं, खेळात त्याचा संबंध नाही.

आणि एक काम प्रत्येकाने करा. पॉपिंग क्रीज कायद्याने मधल्या स्टंपच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना किमान ६ फूट आखायची असते पण ती मानायची अमर्याद लांब. रनर पळतो तिथे रेषच नसते, मग अंपायर अंदाजाने बघतो आणि भांडणं होतात. रनर आला की स्क्वेअर लेगच्या बाजूला, जिथे रनर येऊन थांबणार तिथे थोडी फक्की मारून रेष लांबवा. मिनिटभराचं काम आहे.

डिचोलीचा_किपर:
सर बरोबरच सांगतायत, कायद्यात ते आऊटच, आणि मी किपर असल्यामुळे सांगतो की मीसुद्धा बेल्स उडवल्या असत्या, हात आपोआप जातात. पण मला समोरच्या कॅप्टनबद्दल बोलायचंय. माणूस पाय धरून वाकून उभाय, रन चोरत नाहीये, फायदा घेत नाहीये, दोन रन स्वच्छ पळून झाल्यात. अपील मागे घेता येतं. अंपायरची संमती घेऊन कॅप्टन पुढचा बॉल खेळात यायच्या आधी अपील मागे घेऊ शकतो आणि बॅट्समनला परत बोलावलं जातं. १९८० साली वानखेडेवर जुबिली टेस्टला आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ याने इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने आऊट दिल्यावर परत बोलावलं होतं, टेस्ट मॅच होती, भारत ती हरला, आणि आज त्या मॅचमधलं ते एकच लोकांना आठवतं. २०११ ला नॉटिंगहॅमला धोनीने रनआऊट दिलेल्या इंग्लंडच्या इयन बेलला चहानंतर परत खेळू दिलं. ती माणसं देशासाठी खेळत होती हो. आपण रविवारी सकाळी खेळून नंतर एकाच टपरीवर पातळभाजी-पाव खातो, आपल्याला एवढं जमू नये?

बार्देशकरला सांगणं एवढंच की अंपायरशी भांडू नका, त्यांचं काम अपीलला उत्तर द्यायचं, अपील नसेल तर ते आऊट देऊच शकत नाहीत. जे बोलायचं ते कॅप्टन टू कॅप्टन बोला.

स्क्वेअरलेग_फोंडा:
किपरभाऊ, अपील मागे घेणं हा कॅप्टनचा मोठेपणा, ती कोणाकडून मागायची गोष्ट नाही. २०२३ ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा किपर कॅरी याने इंग्लंडच्या बेअरस्टोला स्टंप केलं तेव्हा हाच वाद जगभर झाला, बेअरस्टो बॉल किपरकडे गेल्यावर आपला आपण क्रीज सोडून निघाला होता, अंपायरनी ओव्हर म्हटलेलं नव्हतं, आऊट म्हणजे आऊट. अर्ध्या जगाने ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन कमिन्स याला दोष दिला, मी देणार नाही. क्रीज सोडताना बॉल कुठाय बघायचं हे बॅट्समनचं काम.

डिचोलीचा_किपर:
बेअरस्टोच्या पायाला लागलेलं नव्हतं सर. इथे दुखापत झालेला माणूस आहे, माझा मुद्दा त्यालाच धरून आहे. बाकी तुमच्याशी मी सहमत.

फ्रीमाँट_मडगांव:
मी मूळचा मडगांवचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. क्रिकेट सुटलं पण इथे सीनियर सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) खेळतो, स्लोपिच म्हणजे बॉल हळू टाकायचा प्रकार, आणि तुमचा धागा वाचून राहवलं नाही कारण आमच्याकडे प्रत्येक मॅचला हाच विषय असतो, फक्त नाव कर्टसी रनर.

इथे पन्नास, पंचावन्न, साठ अशा वयाच्या पायऱ्या असतात, सत्तरी-ऐंशीतले लोकसुद्धा खेळतात आणि तब्येतीने खेळतात. त्या वयात गुडघा, कंबर, टाच यातलं काहीतरी प्रत्येकाचं गेलेलं असतंच, म्हणून नियम करणाऱ्यांनी दुखापत आज झाली की जुनी हा प्रश्नच काढून टाकलाय. कारण सांगायचं नाही, अंपायरने तपासायचं नाही. बॅटरने स्वतः पळून बेसवर सुरक्षित पोचायचं, मग टाइम मागायचा, अंपायरला सांगायचं की याच्यासाठी कर्टसी रनर, आणि बॅटिंग ऑर्डरमधला कोणीही जाऊन त्या बेसवर उभा राहतो. म्हणजे बॅटिंगच्या जागेवरून रनर सुटतोय असा क्रिकेटसारखा प्रकार नाही, त्यामुळे तिसरा माणूस कुठे उभाय हा घोळ होतच नाही. एका वेळी एकच धावणारा.

मग त्याचा गैरफायदा कसा रोखतात, तर माझ्या मते हे तुमच्या कामाचं आहे. एक माणूस एका इनिंगमध्ये एकदाच कर्टसी रनर होऊ शकतो, म्हणजे टीममधल्या एकट्या हरणाला सगळ्यांसाठी पळवता येत नाही. आणि रनर म्हणून बेसवर असताना त्याचीच बॅटिंगची पाळी आली तर तो बेसवरचा आऊट धरतात, मग तो येऊन बॅटिंग करतो. त्यामुळे मॅनेजरला पुढचे चार-पाच बॅटर कोण हे डोक्यात ठेवूनच रनर निवडावा लागतो, आणि अंपायरच्या निर्णयावर जेवढे वाद मी बघितलेत ते बहुतेक इथलेच, हा आधी एकदा पळून गेलाय की नाही, कोणाच्या वहीत काय लिहिलंय. आमचे अंपायर त्या वेळी दोन्ही टीमच्या स्कोररना बोलावतात, वह्या जुळल्या तर प्रश्न मिटला. अंपायरला सांगायच्या आधीच रनर बेसवर जाऊन उभा राहिला आणि पिच पडला, मग अजून भांडण.

दुसरी गोष्ट, इथे सीनियर गेममध्ये होमला दोन प्लेट असतात, धावणाऱ्याची वेगळी, आणि तिच्या अलीकडे एक रेष, ती ओलांडली की मागे फिरायचं नाही, कॅचरने टॅग न करता (धावणाऱ्याला बॉल न लावता) बॉल घेऊन होम प्लेटला नुसता पाय लावला की झालं. पहिल्या बेसला पण दोन रंगांची जोडबेस, फिल्डर एकावर आणि धावणारा दुसऱ्यावर. टक्कर होऊ नये म्हणून हे सगळं. पासष्ट वर्षांच्या माणसाचं हाड मोडलं तर ते सहज सांधत नाही हे ज्यांनी नियम लिहिले त्यांनी स्वतः अनुभवलेलं असणार.

हे सगळं सीनियरपुरतं हं. इथल्या हायस्कूलच्या सॉफ्टबॉलमध्ये कर्टसी रनर फक्त पिचर आणि कॅचरसाठी, तेसुद्धा त्या मॅचमध्ये न खेळलेल्या मुलांतून. आणि मोठ्या बेसबॉलमध्ये पूर्वी दोन्ही मॅनेजर राजी असतील तर चालायचं ते १९५० पासून बंदच केलं. म्हणजे ज्या पातळीवर खेळ आहे तसा नियम. तुम्ही पन्नाशीचं क्रिकेट खेळताय तर एमसीसीचं पुस्तक जसंच्या तसं कशाला लावताय, स्वतःचा नियम लिहा ना.

सत्तरीतला_वामन:
हे शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आम्ही आमच्या भागात साठीच्या पुढच्यांची टीम चालवतो आणि आमच्याकडे मॅचच्या आधी लिहून ठरवलेलं असतं. टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन अंपायरसमोर आपापल्या टीममधल्या जास्तीत जास्त दोन जणांची नावं देतात, ज्यांना जुनी दुखापत आहे. त्यांना पहिल्या बॉलपासून रनर. बाकीच्यांना कायदा २५ प्रमाणे, मॅचमध्ये लागलं तरच. नाव दिलेलं नसेल आणि मधेच गुडघा आठवला तर मिळणार नाही. या एका गोष्टीने आमची भांडणं एकदम कमी झाली, कारण त्यांच्या त्या ओपनरसारख्याला हात पसरावे लागत नाहीत, त्याचं नाव कागदावर आहे, विषय संपला.

यात मला कळकळीने एक सांगायचंय. पन्नाशी-साठीचा माणूस गुडघा धरून मैदानावर येतो तो काही विक्रम करायला येत नाही, त्याला अजून चार मित्रांत उभं राहून बॅटचा आवाज ऐकायचा असतो. त्याला रनर नाकारला की तो पुढच्या रविवारी येत नाही, मग घरी बसतो, मग वजन वाढतं, मग गुडघा आणखी जातो. आमच्याकडे असे दोघं सुटले होते, हा नियम केल्यावर एक परत आला.

त्याच्याबरोबर आम्ही हेही घातलंय की रनर घेणाऱ्याने त्या मॅचमध्ये बोलिंग करायची नाही. पळता येत नाही पण रनअप घेता येतो हे समोरच्याला पटणार नाही. स्लिपला किंवा शॉर्ट फाइन लेगला उभा राहू दे.

डिचोलीचा_किपर:
वामनकाका, बोलिंगबद्दल मी सहमत नाही. दोन पावलांत ऑफस्पिन टाकणारा माणूस असतो, त्याच्या गुडघ्याला एक रन पळताना त्रास होतो, बॉल टाकताना होत नाही. त्याच्याकडून खेळातली अर्धी मजा काढून घेताय तुम्ही.

फ्रीमाँट_मडगांव:
आमच्याकडे कर्टसी रनर घेतलेला माणूस फिल्डिंगला नेहमीसारखा उभा राहतो, पिचिंगसुद्धा करतो. कोणी हरकत घेत नाही. पिचर तर बहुतेक वेळा सगळ्यात म्हाताराच.

सत्तरीतला_वामन:
स्लोपिच आणि लेदर बॉल यात फरक आहे बाबा, पण उभ्या उभ्या टाकणाऱ्या स्पिनरचा विचार करायला हरकत नाही. पुढच्या मीटिंगला मांडतो. मात्र एक नियम आम्ही मुद्दाम बदलला नाही, तो म्हणजे बॅट्समन स्वतः क्रीजबाहेर असेल तर किपरच्या टोकाला आऊट. सुरुवातीला आम्ही तो काढून टाकला होता आणि लगेच एक जण मॅटच्या मधे येऊन स्पिनरला झोडपायला लागला. परत घातला.

बार्देशकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. ग्रुपवर फोंड्याच्या सरांचं उत्तर जसंच्या तसं टाकलंय आणि दोघंही शांत झालेत. त्यांच्या कॅप्टनशी फोनवर बोललो, तो म्हणाला अपील किपरने केलं, मला तेव्हा नियमच माहीत नव्हता की हा आऊट असतो, मागे काय घेणार. वामनकाकांचा दोन नावांचा कागद त्याला पण आवडलाय, पुढच्या मॅचपासून करतोय, त्यांच्या ओपनरचं नाव पहिलं.

अजून दोन शंका. आमच्यातला एक म्हणतो की इंटरनॅशनलला रनर बंद झालाय मग आपण का द्यायचा. आणि दुसरं, आमचा माणूस रनर न घेता सरळ बाहेर गेला असता तर परत येऊ शकला असता का?

स्क्वेअरलेग_फोंडा:
आयसीसीने (इंटरनॅशनल क्रिकेट चालवणारी संस्था) १ ऑक्टोबर २०११ पासून इंटरनॅशनल मॅचमध्ये रनर बंद केला कारण दमलेला माणूसही दुखापत सांगून रनर मागतोय असं वाटायला लागलं होतं. त्याच्या एक वर्ष आधी मोहालीला लक्ष्मणने पाठ धरून ७३ नाबाद केल्या आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका विकेटने जिंकून दिलं तेव्हा सुरेश रैना त्याचा रनर होता, ती मॅच आज झाली असती तर लक्ष्मणला स्वतः पळावं लागलं असतं. २०२३ च्या वर्ल्डकपला वानखेडेवर मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध २०१ नाबाद केल्या, पायात क्रॅम्प, हलता येत नव्हतं, तरी रनर नाहीच, उभ्या उभ्या मारत राहिला. पण ती आयसीसीची मॅचपुरती अट आहे, एमसीसीच्या कायद्यात रनर आजही आहे, त्यामुळे स्पर्धेच्या नियमात वेगळं लिहिलं नसेल तर आपल्याकडे द्यायचाच.

बाहेर गेला असता तर रिटायर्ड नॉट आऊट. दुखापत, आजारपण किंवा टाळता न येणारं कारण अंपायरला सांगून गेला असेल तर विकेट पडल्यावर किंवा दुसरा रिटायर झाल्यावर परत येऊन खेळू शकतो, कोणाची परवानगी नको. कारण न सांगता नुसताच गेला तर परत यायला समोरच्या कॅप्टनची संमती लागते. तुमच्याकडे अठरावी ओव्हर होती, मी कॅप्टन असतो तर त्याला बर्फ लावून बसवलं असतं आणि गरज पडली तर शेवटच्या ओव्हरला रनर देऊन पाठवलं असतं.

साखळीची_स्कोरर:
मी बऱ्याच मॅचला वही धरते म्हणून एक विचारते, बार्देशकर दादा, त्या बॉलचं तुमच्या वहीत काय लिहिलंय? मी एकदा अशाच प्रसंगी बघितलं की स्कोररने आधी दोन लिहिल्या, मग खोडल्या, मग बोलरच्या नावावर विकेट लावली आणि शेवटी दोन्ही वह्यांत वेगवेगळा टोटल.

बार्देशकर:
ताई, आमच्याकडे पण तसंच काहीतरी झालंय. आमच्या वहीत दोन आहेत, त्यांच्या वहीत नाहीत. म्हणून तर पाच की तीन रननी हरलो यावरही वाद चाललाय.

साखळीची_स्कोरर:
मग त्यांची वही बरोबर, पाच. बॅट्समनच्या नावावर त्या बॉलला रन नाही, टीमलाही नाही. नो बॉल-वाइड नसेल तर बॉल ओव्हरमध्ये मोजायचा, बोलरला ठिपका. विकेट रनआऊट म्हणून बॅट्समनच्या नावावर, रनरच्या नाही, बोलरला ती मिळत नाही, पुढे किपरचं नाव लिहायचं आणि थ्रो करणाऱ्याचंही लिहिलं तर चांगलं. नॉन-स्ट्रायकर आपल्या जुन्या टोकाला गेला होता ना? तो गेला नसेल तर पुढच्या बॉलला चुकीचा माणूस स्ट्राइकवर आला असणार, तेवढं वहीत बघून घ्या.